विटांची शेकोटी : भिंत किती, फट किती?

शेकोटीभोवती विटांचे कडे कशासाठी घालायचे? हा प्रश्न वर्गात विचारला, की बहुतेक मुले एकच उत्तर देतात : विस्तव पसरू नये म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. नुसता विस्तव अडवायचा असेल, तर जमिनीत खड्डा खणला तरी भागते. हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी करतात, ती असा खड्डाच असतो. त्यात गोवऱ्या पेटवतात, ज्वाळा बसू देतात आणि मग फुफाट्यात ज्वारीची कणसे खुपसतात. आगटीला हवा कमी मिळते, त्यामुळे गोवरी सावकाश जळते. भोवतीची माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून कणीस आतपर्यंत भाजते. हुरडा भाजायला याहून चांगली सोय नाही. पण त्याच आगटीभोवती आठ-दहा माणसे शेकायला बसली, तर त्यांच्या वाट्याला ऊब थोडी आणि धूरच जास्त येईल.

शेकायचे असेल, तेव्हा आपली गरज नेमकी उलटी असते. विस्तवाला खालून भरपूर हवा मिळाली पाहिजे, लाकडातून निघणारा वायू तेथल्या तेथे जळून गेला पाहिजे आणि उष्णता अडून न राहता आपल्या अंगापर्यंत पोचली पाहिजे. विटांचे कडे या तिन्ही कामांसाठी असते. म्हणून कडे रचताना वीट कोठे ठेवायची याइतकाच, कोठे ठेवायची नाही याचाही विचार करावा लागतो.

अशी एक शेकोटी शाळेच्या आवारात किंवा घरच्या अंगणात चाळीस विटांत होते. मात्र ती वडीलधाऱ्यांच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायची. जागा घरापासून, गंजीपासून, झाडाच्या फांद्यांपासून आणि विजेच्या तारांपासून निदान तीन मीटर दूर असावी. वर छप्पर नको, मांडवही नको.

वीट कोणती?

भट्टीत भाजलेली लाल वीटच घ्या. हल्ली बांधकामावर राखाडी रंगाच्या विटा पुष्कळ दिसतात. औष्णिक वीजकेंद्रांतील राखेपासून त्या करतात. घराच्या भिंतीला त्या उत्तम असतात, पण शेकोटीला चालत नाहीत, सिमेंटचे ठोकळेही चालत नाहीत. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लाल वीट भट्टीत ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून निघालेली असते. त्या तापमानाला मातीच्या कणांतील बांधलेले पाणी कायमचे निघून जाते आणि कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात. शेकोटीतली आच तिला नवी नसते. राखेची वीट भट्टीत जातच नाही. सिमेंट किंवा चुना आणि पाणी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या पदार्थांनी तिचे कण धरून ठेवलेले असतात. या पदार्थांच्या रचनेतच पाणी असते. ३०० अंशांच्या पुढे तापवले, की हे पाणी सुटू लागते आणि पकड ढिली होते. साधारण साडेचारशे अंशांना सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे विघटन होऊन कळीचा चुना उरतो. शेकोटी निवल्यावर हा चुना हवेतील बाष्प शोषून फुगतो आणि विटेच्या ढलप्या निघतात. त्यात नुकसान केवळ विटेचे होते असे नाही. तापलेली ढलपी उडून डोळ्यात जाऊ शकते.

हाच दोष सिमेंटच्या मसाल्यालाही लागू आहे. म्हणून आपले कडे मातीतच रचायचे. चिकणमाती, बारीक वाळू आणि थोडा भाताचा तूस किंवा गव्हाचा भुसा एकत्र मळून एक-दोन दिवस मुरू द्यावा. तूस पुढे जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. चुली घालणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. या पोकळ्यांचे महत्त्व पुढे येईलच.

रचना

आपल्याकडची नेहमीची वीट ९ × ४ × ३ इंचांची, म्हणजे सुमारे २३ × १० × ७.५ सेंटिमीटरची असते. वजन तीन किलोच्या आसपास. गावोगावी मापे थोडी बदलतात, तेव्हा आधी पट्टीने मोजून घ्या.

जमिनीवरचे गवत काढून साधारण सव्वा मीटर व्यासाची जागा आठ-दहा सेंटिमीटर खोल खणा. तळाशी खडी आणि वर कोरडी वाळू भरा. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर थेट शेकोटी पेटवू नका. आता मधोमध खुंटी ठोकून ३६ सेंटिमीटर लांबीच्या दोरीने वर्तुळ काढा. या वर्तुळाला बाहेरून लावून पहिल्या थरात नऊ विटा आडव्या ठेवा. दोन विटांच्या आतल्या कोपऱ्यांत तीन-तीन सेंटिमीटर फट सोडा. ही फट मातीने भरायची नाही. वरच्या तीन थरांत मात्र प्रत्येकी दहा विटा आतले कोपरे जवळजवळ भिडवून ठेवा. बाहेरच्या बाजूला त्यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची जागा उरते, ती विटांचे तुकडे आणि माती यांनी भरा. होता होईतो सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. उंची तीस सेंटिमीटर झाली, की थांबा.

खाली नऊ आणि वर दहा विटा घेऊनही दोन्ही कडी एकावर एक कशी बसतात? नवभुजेची बाजू २३ + ३ = २६ सेंटिमीटर आणि दशभुजेची २३ सेंटिमीटर धरून दोन्हींच्या अंतर्वर्तुळांच्या त्रिज्या काढून पाहा. दोन्ही उत्तरे साडेपस्तीसच्या आसपास येतील. त्रिकोणमितीच्या तासाला हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

नऊ फटी कशासाठी?

एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळायला चार ते पाच घनमीटर हवा लागते. पाच धरू. तासाला तीन किलो सरपण जाळले, तर पंधरा घनमीटर हवा हवी. आपली प्रत्येक फट ३ सेंटिमीटर रुंद आणि ७.५ सेंटिमीटर उंच आहे. नऊ फटींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०२ चौरस मीटर होते. १५ ला ०.०२ ने भागले, की ७५० मीटर दर तासाला, म्हणजे सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर असा वेग येतो. आपण रमतगमत चालतो, तो वेगही याच्या पाचपट असतो. प्रत्यक्षात शेकोटी याहून कितीतरी जास्त हवा ओढून घेते, पण तेवढी हवाही या फटींतून सहज येते.

पण ओढते कोण? आपण तर फुंकणी लावलेली नाही. ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा ६०० केल्विनपर्यंत तापवली, की तिचे आकारमान दुप्पट आणि घनता निम्मी होते. शेकोटीच्या मध्यावरची हवा अशी हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला बाहेरची थंड, जड हवा खालून घुसते. हे अभिसरण तुम्ही पुस्तकात पाण्याच्या चंचुपात्राच्या आकृतीत पाहिले असेल. येथे फटीसमोर पेटलेली उदबत्ती धरा. तिच्या धुराची रेघ आडवी होऊन आत वळताना दिसेल. फट तळाशीच का हवी, तेही मग लक्षात येते. वरच्या थरात ठेवलेल्या फटींमधून हवा येईल, पण ती निखाऱ्यांच्या खालून जाणार नाही.

आता धुराकडे वळू. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळतो तो बहुतांशी वायू असतो. लाकूड दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापले, की त्याचे विघटन सुरू होते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ज्वालाग्राही वायू आणि बाष्प यांच्या रूपाने बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. या वायूला पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा एकाच वेळी मिळाली, तर तो जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. दोहोंपैकी एकाची उणीव पडली, की तोच वायू न जळता थंड होतो आणि त्याचे डांबरी थेंब व काजळीचे कण आपल्या डोळ्यांत जातात. म्हणजे धूर हे वाया गेलेले सरपणच आहे.

ओल्या लाकडाला धूर का होतो, याचे कारण पुष्कळदा असे सांगतात, की उष्णता पाणी आटवण्यात खर्च होते. हिशेब करून पाहा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे एक किलो लाकूड घेतले, तर अर्धा लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतील. उरलेल्या अर्ध्या किलो कोरड्या लाकडापासून दोन हजारांहून अधिक किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तोटा सातव्या हिश्शाचा. तेवढ्याने काही शेकोटी विझत नाही. खरी अडचण तापमानाची आहे. लाकडात पाणी असेपर्यंत तो भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. कडेला लाकूड तापून वायू सुटत असतो, शेजारी वाफ सुटत असते आणि दोन्ही मिसळून इतके थंड होतात, की ज्वाळा धरतच नाही. म्हणून सरपण वाळलेले आणि मनगटाहून बारीक फोडलेले असावे, आणि एका वेळी थोडेच घालावे. परदेशांत हल्ली पत्र्याच्या दुहेरी भिंतींच्या शेकोट्या मिळतात. दोन भिंतींमधल्या पोकळीत तापलेली हवा वरच्या भोकांतून ज्वाळेत सोडून त्या हा वायू जाळून टाकतात. कल्पना चांगली आहे, पण ओले लाकूड घातले तर त्याही धुरतात.

आणखी एक तक्रार नेहमीची. मी जेथे बसतो, तेथेच धूर का येतो? वारा नसेल तेव्हा शेकोटी चहूबाजूंनी हवा ओढत असते. तुम्ही जवळ बसता तेव्हा तुमच्या बाजूने येणारी हवा तुमच्या अंगाने अडते. इतर बाजूंनी येणारा झोत मग वरचढ ठरतो आणि धूर तुमच्याकडे कलतो. थोडे मागे सरका, किंवा समोर दुसऱ्या कोणाला बसवा!

विटेतले पाणी

भाजलेल्या विटेत असंख्य बारीक छिद्रे असतात. बांधकामाच्या चांगल्या विटेने २४ तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी पिऊनही परीक्षेत उत्तीर्ण होते! पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले आपले कडे किती पाणी धरून असेल, ते तुम्हीच काढा.

१०० अंशांना पाण्याची वाफ झाली, की तिला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. जागा मिळाली नाही, तर दाब वाढतो. बंदिस्त पाणी २०० अंशांपर्यंत तापले, तर वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पंधरा पट होतो. मग विटा फुटत कशा नाहीत? कारण त्यांची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात आणि वाफेला बाहेर पडायला वाट सापडते. आपण तूस घालून केलेल्या मातीतही तशाच वाटा तयार होतात. अट एकच : वाफ सावकाश तयार झाली पाहिजे. म्हणून बांधलेले कडे आठवडाभर उन्हात वाळू द्यावे आणि पहिल्या दोन-तीन संध्याकाळी फक्त काटक्यांचा अर्ध्या तासाचा जाळ करावा. पावसाळा संपल्यावरही दरवर्षी हेच करावे.

नदीतल्या गुळगुळीत गोट्यांची गोष्ट वेगळी. ते विटेपेक्षा कितीतरी कठीण, म्हणून शेकोटीला अधिक चांगले, असे वाटते. पण वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या गोट्याच्या सूक्ष्म भेगांत पाणी शिरलेले असते आणि दगड घट्ट असल्यामुळे वाफेला वाट मिळत नाही. असा गोटा तापला, की फटाक्यासारखा फुटू शकतो आणि त्याचे तुकडे दूरवर उडतात. सहलीला गेल्यावर नदीकाठी तीन गोटे मांडून चूल करणाऱ्यांनी हे विसरू नये.

वीट तडकण्याचे दुसरे कारण औष्णिक प्रसरण. विटेचा रेषीय प्रसरणांक एका अंशाला सुमारे ०.०००००६ आहे. आतली बाजू ४०० अंशांवर आणि बाहेरची ५० अंशांवर असेल, तर २३ सेंटिमीटर लांबीच्या विटेची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त लांब होऊ पाहते. दहा विटांच्या कड्यात हे पाच मिलिमीटर होतात. सिमेंटने जखडलेल्या कड्याला हे पाच मिलिमीटर मिळत नाहीत, म्हणून ते तडकते. मातीचा सांधा मात्र थोडा चुरतो, थोडा सरकतो आणि वीट वाचते. वर्षातून एकदा सांधे लिंपून घेतले, की झाले. गवंड्याला मातीचे काम कच्चे वाटेल, तो सिमेंटचा आग्रह धरेल. त्याला हा हिशेब दाखवा.

ऊब आपल्यापर्यंत कशी येते?

शेकोटीसमोर बसले, की तोंड भाजते आणि पाठ गार पडते. हवा तापून ऊब मिळत असती, तर असे झाले नसते. तापलेली हवा सरळ वर निघून जाते, आपल्या वाट्याला येते ते केवळ प्रारण. प्रारण सरळ रेषेत जाते, म्हणून मध्ये कोणी उभे राहिले तर लगेच गार वाटते. कडे तीस सेंटिमीटरच का, याचेही उत्तर येथे आहे. भिंत साठ सेंटिमीटर उंच केली, तर निखारे तळाशी झाकले जातील आणि त्यांचे प्रारण विटांनाच मिळेल.

जोसेफ स्टेफान यांनी १८७९ साली मांडलेल्या नियमानुसार तप्त पृष्ठभागाचे प्रारण त्याच्या केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ८०० अंश सेल्सिअसचा निखारा म्हणजे १०७३ केल्विन, ३०० अंशांची वीट म्हणजे ५७३ केल्विन. या दोहोंच्या गुणोत्तराचा चौथा घात करा. निखाऱ्याचा तेवढाच पृष्ठभाग विटेच्या सुमारे बारापट प्रारण सोडतो. म्हणून निखारे दिसले पाहिजेत.

तोफांच्या नळ्यांना भोके पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून निष्कर्ष काढणारे काउंट रम्फर्ड तुम्हाला माहीत असतील. त्यांनीच १७९६ साली इंग्लंडमधील घरांच्या शेगड्यांवर निबंध लिहिला. त्या काळच्या शेगड्या खोल आणि चौकोनी असत, उष्णता धुराड्यातून वाया जाई. रम्फर्ड यांनी शेगडी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या करून खोलीकडे उघडल्या आणि धुराड्याचा घसा अरुंद केला. खोली तापवायची तर प्रारणाला वाट द्या, हे त्यांनी ओळखले होते.

मग विटा अगदीच निरुपयोगी का? नाही. चाळीस विटांचे वजन १२० किलो. विटेची विशिष्ट उष्णता पाण्याच्या एक-पंचमांश. सरासरी तापमान १५० अंशांनी वाढले, तर १२० × ०.२ × १५० = ३६०० किलोकॅलरी उष्णता त्यांच्यात साठते. ही साधारण एक किलो सरपणाची उष्णता झाली. ज्वाळा बसल्यावरही कडे तास-दोन तास ऊब देत राहते, ते यामुळे.

निखारे घरात नेऊ नका

रात्री थंडी वाढली, की उरलेले निखारे घमेल्यात भरून खोलीत न्यावे असे वाटते. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. हा समज जिवावर बेततो. निखाऱ्यांच्या थरात खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या फिकट निळ्या ज्योती त्याच्याच असतात. अंगणात तो जळून किंवा पसरून जातो. बंद खोलीत मात्र साठत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि गुंगीलाच झोप समजून माणूस पडून राहतो. खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशा बातम्या उत्तर भारतातून जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. तंबूतही शेगडी न्यायची नाही. कोणाला असा त्रास झालेला दिसला, तर प्रथम दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

शेकोटीत प्लॅस्टिक, रबर, रंगवलेले लाकूड किंवा प्लायवुड टाकायचे नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि डोळ्यांतील व घशातील ओलाव्यात तो विरघळला, की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. रॉकेल-पेट्रोलचा शिडकावा तर कधीच नको.

विझवताना तापलेल्या विटांवर बादलीभर पाणी एकदम ओतू नये, विटा तडकतात आणि वाफेने हात भाजतो. निखारे काठीने पसरून निवू द्यावेत, मग बाजूला उभे राहून थोडे थोडे पाणी शिंपडावे आणि राख ढवळून पुन्हा शिंपडावे. राखेच्या थराखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहू शकतो. तेव्हा राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वी तिच्यावर हात वीतभर अंतरावर धरून पाहा, ऊब लागली तर आणखी थांबा.

आता एक प्रयोग. कड्याच्या फटींत नेमके बसतील असे विटेचे नऊ तुकडे तयार ठेवा. शेकोटी चांगली पेटली, की शिक्षकांना लांब चिमट्याने एकेक फट बंद करायला सांगा. प्रत्येक तुकड्यानंतर दोन मिनिटे थांबून ज्वाळेची उंची, तिचा रंग आणि धूर यांची नोंद करा. कितव्या फटीला धूर दिसू लागतो? तुकडे काढून घेतल्यावर ज्वाळा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो? वारा असताना आणि नसताना हीच नोंद पुन्हा करा, आणि वाऱ्याच्या दिवशी कोणत्या बाजूच्या फटी आधी बंद केल्या, तेही शेजारी लिहून ठेवा.